हाऊटू नावाचं लेखन : लिनक्स, इंटर्नल मोडेम आणि आपला डायल टोन

(सोलापुरात झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी सूर तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की मोडेमवर व्याख्यान? आणि तेही आता? ज्या वस्तूचा आवाजसुद्धा इथल्या निम्म्या मुलांनी ऐकलेला नाही, तिच्यावर तासभर काय बोलणार? रास्त आहे. मी मोडेम दुरुस्त करायला शिकवणार नाही. मी आज समीक्षा करणार आहे, एका मजकुराची.

कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, नाटकाची तर दुसऱ्या दिवशी पेपरात होते. पण ‘अमुक काम कसं करावं’ हे सांगणाऱ्या लेखनाची आपण समीक्षा करत नाही. तसं करून पाहिलं आणि जमलं तर चांगलं, नाही जमलं तर वाईट, एवढाच निकाल. मला हे पुरेसं वाटत नाही. सूचना देणाऱ्या लेखनातही लेखकाची नजर असते. वाचकाला तो काय समजतो, हुशार की हरकाम्या, हे त्यातून दिसतं. आणि आपल्याला जे येत नाही, ते तो सांगतो की झाकतो, हेही दिसतं.

तर आजचा मजकूर आहे ‘मोडेम-हाऊटू’. लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट नावाच्या स्वयंसेवकांच्या उपक्रमात अशी बरीच हाऊटू लिहिली गेली. ग्रेग हँकिन्स यांनी १९९३पासून सिरियल पोर्टवरचं हाऊटू सांभाळलं. १९९८पासून डेव्हिड लॉयर यांनी मोडेमचा भाग वेगळा काढला आणि पुढे कित्येक वर्षं त्यात भर घातली. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी पारितोषिक दिलं नाही. त्याचा परवानाही उदार आहे. नक्कल करा, वाटा, भाषांतर करा.

हा मजकूर आपल्याकडे वाचला गेला तो काळ आधी डोळ्यांसमोर आणू.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल, यांनी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. सुरुवात मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई इथून. १९९८मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं. १ ऑक्टोबर २०००ला बीएसएनएल स्थापन झाली आणि तिची ‘संचारनेट’ सेवा १७२ने सुरू होणाऱ्या नंबरावर, लोकल कॉलच्या दराने मिळू लागली. म्हणजे सोलापूरसारख्या गावात घरच्या फोनवरून नेट लावणं परवडण्याजोगं झालं ते तेव्हा.

आणि लिनक्स? लिनक्स आपल्याकडे फोनच्या तारेतून आलंच नाही. ते मासिकाबरोबर आलं. १९९६मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि मग वर्षानुवर्षं देत राहिलं. त्यामागे अतुल चिटणीस होते. जन्म बर्लिनचा, पण शिक्षण आपल्या शेजारच्या बेळगावात, गोगटे इन्स्टिट्यूटमधून इंजिनिअर. इंटरनेट यायच्या आधी बंगळुरूत ते मोडेमवर चालणारा बुलेटिन बोर्ड चालवायचे. तारेची किंमत माहीत असलेला माणूस. म्हणून त्यांना कळलं, की ज्या देशात तार बारीक आहे तिथे सॉफ्टवेअर पोस्टाने पाठवावं लागतं. २०१३मध्ये ते गेले. त्यांचं हे काम विसरू नये असं आहे.

तर सहाशे-साडेसहाशे एमबीची सीडी घरात आली. आत कर्नल, एडिटर, कंपायलर, खेळ, सगळं. गावातल्या दुकानातून जोडून घेतलेला पीसी, त्यात पीसीआय स्लॉटमध्ये बसवलेलं इंटर्नल मोडेमचं कार्ड. विंडोजमध्ये तेच कार्ड किर्र किर्र करून नेट लावतंय. आणि लिनक्समध्ये? काहीच नाही. मोडेम सापडत नाही म्हणे.

इथे मुलगा हाऊटू उघडतो. तो काय वाचतो?

हाऊटूचा पहिला गुण मला दिसतो तो त्याच्या विचारात. ‘माझं नेट लागत नाही’ हे आपल्याला एक वाक्य वाटतं. हाऊटू तुमच्याकडून त्याची पाच-सहा वाक्यं करून घेतो. कार्ड मशीनला दिसतंय का? दिसत असेल तर त्याला कोणता पत्ता आणि कोणती इंटरप्ट लाइन मिळाली? लिनक्स ज्या नावाने पोर्ट ओळखतं, टीटीवाय-एस-शून्य, एक, दोन, तीन, त्यातल्या कोणत्या नावामागे ते बसलंय? त्या पोर्टवर मिनिकॉमसारख्या प्रोग्रॅममधून ‘एटी’ टाइप केलं तर ‘ओके’ उत्तर येतं का?

हे ‘एटी’ म्हणजे ‘लक्ष दे’. हेज कंपनीने १९८१च्या आपल्या स्मार्टमोडेममध्ये ही आज्ञा आणली आणि मग जगातले सगळे मोडेम तीच भाषा बोलू लागले. तुम्ही हाक मारायची, त्याने ‘ओके’ म्हणायचं. ते ‘ओके’ आलं, की निम्मं काम झालं. मग नंबर फिरवायचा. पलीकडचा मोडेम भेटला, की नाव-पासवर्ड. ते पटलं, की पीपीपी सुरू, आयपी पत्ता हातात, नावांवरून पत्ते शोधणारा सर्व्हर ठरला, आणि मग ब्राउझर.

बघा, प्रत्येक पायरीला एक खूण आहे. आणि खूण नाही आली तर काय समजायचं, हेही आहे. एक उदाहरण देतो, मला ते फार आवडतं. मोडेम चालतो, पण अक्षरं स्क्रीनवर भयंकर उशिरा, अडखळत येतात. साधा माणूस म्हणेल, लाइन खराब आहे. हाऊटू म्हणतो, थांबा, इंटरप्ट चुकीचा लावलेला असू शकतो. मोडेम दार वाजवतोय ते प्रोसेसरला ऐकूच जात नाही. तो आपला अधूनमधून सहज दार उघडून बघतो, तेवढ्यापुरता डेटा आत येतो. लक्षणावरून कारणाकडे जाणं, चांगला वैद्य करतो तसं. याला मी चांगलं लेखन म्हणतो. यात तुम्हाला ‘हे टाइप करा’ एवढंच सांगितलं जात नाही. टाइप केल्यावर आत काय होतं, ते कळतं.

याच्या उलट एक प्रकार आपल्याकडे दुकानादुकानांतून चालायचा. पाठ केलेली कृती. चिठ्ठीवर सात ओळी, वरून खाली टाइप करायच्या. चालली तर चालली. पण लिनक्सचा कर्नल २.२चा २.४ झाला, २.४चा २.६ झाला, की चिठ्ठी मेली. कारण ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी तयार केलाय त्यालाच बसतो, दुसऱ्याला नाही. ज्याच्याकडे चिठ्ठी होती तो अडला. ज्याने हाऊटू समजून घेतला होता त्याला निदान कुठे अडलं ते कळलं.

आता दुसरा गुण. आणि इथेच हा मजकूर मला मोठा वाटतो. हाऊटू एका जागी येऊन सरळ सांगतो, की इथून पुढे माझ्या हातात काही नाही. हे दार बंद आहे, आणि ते दुसऱ्या कुणी लावलंय.

ते दार म्हणजे विनमोडेम.

हे समजायला सोलापूरकरांना माझी गरज नाही, तुमच्याकडे माग आहेत. जेकार्डचा माग बघा. फ्रान्समध्ये लियोंला जोसेफ मारी जेकार्डने १८०४च्या सुमारास हे यंत्र बसवलं, आणि त्याच तत्त्वावर आपल्या चादरीवर मोर आणि वेलबुट्टी आली. माग म्हणजे ताकद. ताणा उचलायचा, बाणा टाकायचा. पण कोणता धागा कधी उचलायचा, ही अक्कल असते छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांत. छिद्र आहे, धागा वर. छिद्र नाही, धागा खाली. पुठ्ठा उजेडात धरला तर जाणत्याला नक्षी वाचता येते. कुणीही ग्राफवर नवी नक्षी काढून नवे पुठ्ठे पाडू शकतो.

मोडेमचंही तसंच. फोनच्या तारेतून माणसाचा आवाज जातो, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातला. संगणकाचे शून्य आणि एक त्या पट्ट्यात बसतील असे आवाज बनवायचे, आणि पलीकडून आलेल्या आवाजातून पुन्हा शून्य आणि एक काढायचे. गणित अवघड आहे. जुन्या मोडेममध्ये हे गणित करणारी चिप कार्डावरच असायची. म्हणून त्याला विंडोज काय, लिनक्स काय, काही फरक पडायचा नाही. ‘एटी’ म्हटलं की ‘ओके’.

मग प्रोसेसर वेगवान झाले, आणि कंपन्यांनी हिशोब केला. गणित करणारी चिप काढून टाका. कार्डावर फक्त तारेला जोडायचा भाग आणि आवाज आत-बाहेर करणारा भाग ठेवा. बाकी सगळं पीसीच्या प्रोसेसरला करू द्या, ड्रायव्हरमधून. कुठे गणिताची चिप राहिली आणि फक्त हुकूम देणारा भाग सॉफ्टवेअरमध्ये गेला, कुठे सगळंच गेलं. कार्ड स्वस्त झालं. ‘विनमोडेम’ हे नाव मुळात यूएस रोबोटिक्सचं, पण ते सगळ्या जातीला चिकटलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर माग स्वस्तात विकला, कारण सोबत पुठ्ठे दिलेच नाहीत. पुठ्ठे विंडोजवाल्या घरातच चालतील. आणि कोणतं छिद्र कोणता धागा उचलतं, ते लिहून द्यायचं नाही. म्हणजे तुम्ही स्वतः पुठ्ठे पाडू म्हणाल, तर तेही नाही. माग तुमचा, पावती तुमची, जागा तुमच्या घरातली. नक्षी मात्र त्यांची.

हाऊटू हे स्पष्ट सांगतो. आधी एलएसपीसीआय या आज्ञेने चिप कुणाची ते बघा. त्या चिपसाठी लिनक्सचा ड्रायव्हर असेल तर प्रयत्न करा. नसेल तर हा मोडेम चालणार नाही. विकत घ्यायचा असेल तर आधी चौकशी करा. बाहेर ठेवायचा, सिरियल पोर्टला लावायचा मोडेम घेतलात तर बहुधा सुखी राहाल. एखाद्या सूचनापुस्तकात ‘चालणार नाही’ हे वाक्य तुम्ही कधी वाचलंय? कंपनीच्या पुस्तिकेत हे वाक्य येत नाही. तिथे ‘विक्रेत्याशी संपर्क साधा’ असतं.

दार पूर्ण बंद नव्हतं, थोड्या फटी होत्या. ल्यूसंटच्या चिपसाठी बंद गाभा आणि भोवती उघडी साल असा ड्रायव्हर मिळाला. गाभा तसाच ठेवायचा आणि साल आपल्या कर्नलसाठी कंपाइल करून घ्यायची. स्मार्टलिंकचाही असाच होता. मार्व्हिन स्टोडॉल्स्की आणि त्यांच्यासारख्या काही स्वयंसेवकांनी तर स्कॅनमोडेम नावाचा छोटा प्रोग्रॅम दिला. तो तुमच्या मशीनची माहिती गोळा करायचा आणि तुमच्या कार्डाला आशा आहे की नाही ते सांगायचा.

आणि कोनेक्झंटच्या चिपची गोष्ट तर समीक्षकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. लिनक्सन्ट नावाची कॅनडातली कंपनी तिचा ड्रायव्हर द्यायची. फुकट घेतलात तर वेग १४.४ किलोबिटला अडवलेला, पूर्ण ५६ हवा तर पैसे भरा. तेही ठीक, धंदा आहे. पण एप्रिल २००४मध्ये लिनक्सच्या मंडळींच्या लक्षात एक ओळ आली. प्रत्येक ड्रायव्हरने कर्नलला आपला परवाना सांगायचा असतो. मुक्त असेल तर ‘जीपीएल’. बंद असेल तर कर्नल नोंद करून ठेवतं, की आत परका कोड आहे, आता बिघाड झाला तर आम्हाला विचारू नका. या ड्रायव्हरने लिहिलं होतं ‘जीपीएल’, त्यापुढे एक शून्य अक्षर, आणि त्यापुढे ‘फक्त अमुक फोल्डरमधल्या फायलींसाठी’ अशा अर्थाचा मजकूर. आता सी भाषेत शून्य अक्षर आलं की वाक्य संपलं. म्हणजे माणसाने वाचलं तर अट दिसते. कर्नलने वाचलं तर नुसतं ‘जीपीएल’.

(हशा)

हसा, पण विचार करा. एकच वाक्य, दोन वाचक, दोन अर्थ. कंपनीचं म्हणणं असं होतं, की ड्रायव्हरचे बरेच तुकडे आहेत आणि दर तुकड्याला तोच इशारा आला तर ग्राहक घाबरतो, म्हणून केलं. असेलही. पण लेखन म्हणून बघितलं, तर हाऊटूच्या बरोबर उलट टोक हे. हाऊटू सांगतो, दार बंद आहे. ही ओळ बंद दारावर ‘उघडं आहे’ अशी पाटी लावते.

इथपर्यंत मी हाऊटूचं कौतुक केलं. आता उणं काय ते.

पहिली गोष्ट त्या मंडळींच्या सुराबद्दल. त्या काळच्या लिनक्स जगात एक वाक्य फार चालायचं, की विनमोडेम हा मोडेमच नव्हे. म्हणायला सोपं आहे. पण ज्याच्या घरात एका पगारावर पीसी आला, हप्त्यावर आला, त्याच्यासाठी ते स्वस्त कार्ड म्हणजे नेट होतं. बाहेरचा मोडेम घ्या हा सल्ला बरोबर असेल, पण तो परवडणाऱ्याचा सल्ला आहे. स्वस्त वस्तू घेणाऱ्याला हसून त्याची अडचण सुटत नाही. आणि तत्त्वानेही ते वाक्य अर्धवटच आहे. काम चिपमधून काढून सॉफ्टवेअरमध्ये नेणं वाईट नाही. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच प्रोग्रॅमरने १९९९-२००० मध्ये ‘लिनमोडेम’ लिहून दाखवलं, की मोडेमचं गणित पूर्ण खुल्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. म्हणजे दोष सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. दोष होता कुलपात. पुठ्ठा कागदाचा असला म्हणून काही बिघडत नाही, तो वाचता आला पाहिजे, बस्स.

दुसरी उणीव मला जास्त गंभीर वाटते. हाऊटूचा वाचक कुठे बसलाय? तो असं धरून चालतो, की ड्रायव्हर नेटवरून उतरवून घ्याल, यादी नेटवर बघाल, अडलं तर ईमेलने विचाराल. पण माणूस मोडेम लावतोय कशासाठी? नेटसाठीच ना! विहिरीवर जायला दोर हवा, आणि दोर विहिरीत पडलाय. मग पोरं काय करायची? विंडोजमध्ये परत जायचं, तिथून उतरवायचं, पुन्हा मशीन बंद करून लिनक्समध्ये यायचं. नाहीतर सायबर कॅफेत तासाचे पैसे भरायचे, फ्लॉपीवर फाइल घ्यायची. घरी येऊन कळायचं, की कर्नलचा सोर्स पण लागतो. परत कॅफे. एकदा फ्लॉपीच खराब निघायची. या येण्या-जाण्याला हाऊटूत जागा नाही. शिवाय हा हाऊटू पीपीपीजवळ येऊन थांबतो. त्याचं हाऊटू वेगळं. नेट असलेल्याला ती एक क्लिक आहे. नसलेल्याला अजून एक फेरी.

तिसरी गोष्ट म्हणजे तार. मोडेम नंबर फिरवण्याआधी डायल टोन ऐकतो. अमेरिकेतला टोन म्हणजे ३५० आणि ४४० हर्ट्झ हे दोन सूर एकत्र. आपला टोन ४०० हर्ट्झचा, त्यावर २५ हर्ट्झची थरथर. तो घुमणारा आवाज आठवत असेल तुम्हाला. आता अमेरिकेच्या कानाने बनवलेला मोडेम आपला टोन ऐकतो आणि म्हणतो, ‘नो डायलटोन’. फोन उचलून बघावं तर टोन छान येतोय! माणूस चक्रावतो. इलाज एका ओळीचा आहे. सुरुवातीच्या आज्ञेत ‘एटीएक्स३’ घालायचं. म्हणजे मोडेमला सांगायचं, टोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव, फक्त लाइन बिझी असेल तर सांग. काही मोडेममध्ये देशाचा कोडही बदलता यायचा. अमेरिकेचा बी५, भारताचा ५३. जुन्या एक्स्चेंजवर टोनऐवजी पल्सने फिरवायचं, म्हणजे ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’. आणि डब्ल्यूव्हीडायल नावाचा जो सोपा प्रोग्रॅम होता, तो कधीकधी पलीकडच्या सर्व्हरच्या प्रश्नांची वाट बघत बसायचा. तिथे ‘स्टुपिड मोड’ चालू करायचा, की तो काही न विचारता थेट पीपीपी सुरू करायचा.

इंग्रजी मार्गदर्शिकांत असल्या गोष्टी कुठेतरी कोपऱ्यात असतात, ‘इतर देशांसाठी’ म्हणून. आपण ‘इतर देश’ आहोत. आणि यात त्या लेखकांची काही चूक नाही. लॉयर साहेबांनी सोलापूरच्या एक्स्चेंजचा टोन ऐकायला यावं, अशी अपेक्षा करता येत नाही. ते लिहिणं आपलं काम होतं.

ही माझी खरी टीका आहे, आणि ती हाऊटूवर नाही, आपल्यावर आहे.

हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं मुळीच नाही. होतं. दुकानात पीसी जोडणाऱ्या पोरांकडे होतं. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये होतं. कोणत्या चिपला कोणता ड्रायव्हर, आपल्या लाइनवर कोणती आज्ञा, सगळं वहीच्या मागच्या पानावर. पण ते पान कुणी मराठीत नीट लिहून, छापून, दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. जपान्यांनी हाऊटूंची भाषांतरं केली, फ्रेंचांनी केली, स्पॅनिशवाल्यांनी केली. परवाना आपल्यालाही तोच होता. आपण मराठीत काय लिहिलं? ‘स्टार्टवर क्लिक करा, मग प्रोग्रॅम्सवर जा.’ २००१नंतर महाराष्ट्रात लाखो लोकांनी मराठीतून संगणकाचे धडे घेतले. त्याचं मोल मी कमी करत नाही, माउसला घाबरणारा माणूस खुर्चीत बसला हे मोठंच काम. पण ती भाषा आज्ञा पाळण्याची होती. खूण बघा, कारण शोधा, कुठे अडलं ते स्वतः ठरवा, ही भाषा मराठीत आलीच नाही. आणि जी भाषा शंका घेण्याच्या कामी येत नाही, ती फक्त सूचना ऐकण्याच्या कामी येते.

कुणी म्हणेल, तंत्रज्ञानाचे शब्द मराठीत नाहीत. अहो, शब्दांचं काय घेऊन बसलात. मोडेमला मोडेम म्हणा, पोर्टला पोर्ट म्हणा. मागावर काम करणाऱ्याने जेकार्ड शब्दाला प्रतिशब्द मागितला का? या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषांत मागाचं काम शिकवलं गेलं, त्यातला निम्मा शब्दसंग्रह इंग्रजीच आहे. अडचण शब्दांची नव्हती. लिहून ठेवायची सवय नव्हती.

मग आज याचं काय? मोडेम गेले, पण ते कार्ड गेलेलं नाही, त्याने फक्त रूप बदललंय. तुमच्या फोनमधल्या मोबाइल नेटवर्कच्या चिपचं सॉफ्टवेअर तुम्ही वाचू शकत नाही. वायफायच्या कित्येक चिपना कंपनीने दिलेली बंद फाइल लागते, तरच त्या लिनक्सवर चालतात. ‘वस्तू माझी, नक्षी त्यांची’ हा व्यवहार आता नेहमीचा झालाय. त्या काळी निदान कुणीतरी हाऊटूत लिहून ठेवायचं, की हे दार बंद आहे. आज आपल्याला दार होतं हेच कळत नाही.

म्हणून सांगतो, सूचना देणारा कुठलाही मजकूर हातात आला, मग तो शेतीच्या पंपाचा असो की बँकेच्या ॲपचा, की तो समीक्षकासारखा वाचा. काम फसलं तर कसं ओळखायचं, हे त्यात आहे का? लिहिणाऱ्याने तुम्ही कुठे बसलाय याचा विचार केलाय का? आणि जे त्याला जमणार नाही, ते तो कबूल करतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर तो मजकूर जपून ठेवा. आणि त्यात तुमच्या गावचा डायल टोन नसेल, तर समासात तुम्ही लिहा. मराठीत लिहा.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, मी पॉवरलूमवाला आहे. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलेत, पुठ्ठे राहिलेच नाहीत. डिझाइन पेनड्राइव्हवर येतं. तुमचं म्हणणं आम्हालाही लागू आहे काय?

उत्तर : तुम्हालाच सगळ्यात जास्त लागू आहे. पुठ्ठ्याच्या जागी फाइल आली, यात वाईट काही नाही. वेळ वाचतो, जागा वाचते. फक्त यंत्र घेताना दोन गोष्टी विचारा. ही फाइल दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उघडते का? आणि कंट्रोलर बिघडला, कंपनी बंद पडली, तर माझं जुनं डिझाइन मला वाचता येईल का? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे नाव आपलं आहे. नक्षीची फाइलही आपल्याला वाचता आली पाहिजे. उत्तर लेखी घ्या.

प्रश्न : आम्ही विद्यार्थी आहोत. हे सगळं एआयला विचारलं तर लगेच मिळतं. हाऊटू कशाला लिहायचं?

उत्तर : विचारा की. पण उत्तर आल्यावर बघा, त्याने खूण सांगितली का, की नुसती कृती दिली. आणि दुसरं, त्याला तुमच्या गावची गोष्ट कळणार कुठून? कुणीतरी लिहिलेली असेल तरच. कुणी लिहिलीच नाही, तर ते तुम्हालाही अमेरिकेचाच टोन ऐकवेल.

प्रश्न : घरी जुना पीसी आहे, त्यात असंच एक कार्ड आहे. टाकून देऊ का?

उत्तर : आधी लिनक्सची सीडी घालून एलएसपीसीआय चालवा आणि चिप कुणाची ते बघा. नेट लागणार नाही, पलीकडे उचलणारं कुणी उरलेलं नाही. पण ‘एटी’ म्हटल्यावर ‘ओके’ आलं, तर ते कार्ड ठेवा. पोरांना दाखवायला बरं.